मोठ्या मेमरीचं ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी काय काय तपासायचं: सोलापुरातल्या नवख्यांसाठी

१६ किंवा २४ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की बहुतेकांची शोधाशोध कार्डाभोवतीच फिरते. कुठलं मॉडेल, केवढ्याला, पुण्यात स्वस्त की ऑनलाइन. कार्ड घरी आल्यावर मग कळतं की कॅबिनेटचं झाकण बसत नाही, एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) तेवढ्या केबलच नाहीत, किंवा मे महिन्यात दुपारी दोन वाजता मशीन आपोआप बंद पडतंय. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय. आधी काम, मग मशीन, मग घरची वीज आणि खोली, आणि कार्डाची ऑर्डर सगळ्यात शेवटी.

सोलापुरात अशी कार्डं घेणारे वाढतायत. इंजिनिअरिंगला मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करणारी मुलं आहेत, लग्नाचं फोर-के शूटिंग एडिट करणारे आहेत, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये घरांची थ्रीडी चित्रं करणारे आहेत, आणि घरच्या मशीनवर भाषेची मॉडेल्स (चॅटजीपीटीसारखी, प्रश्नाला उत्तर देणारी) चालवून बघणारेही आहेत. यातले बरेच जण पहिल्यांदाच एवढा खर्च करतायत, आणि तो वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

पायरी १: कामाला मेमरी खरंच किती लागते?

कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे हा हिशेब कागदावर मांडूनच पुढे जा.

भाषेच्या मॉडेलचा हिशेब सोपा आहे. मॉडेल किती अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे आत साठवलेल्या आकड्यांचं, आहे ते बघा. १६ बिटमध्ये प्रत्येक पॅरामीटरला दोन बाइट लागतात, म्हणजे ७ अब्जाच्या मॉडेलला नुसते आकडे ठेवायलाच १४ जीबी. तेच ४ बिटमध्ये दाबलं की अर्धा बाइट, म्हणजे साडेतीन जीबी, आणि प्रत्यक्षात चार-पाच. वर संभाषणाचा मजकूर धरून ठेवायला एक-दोन जीबी मोकळे हवेत, लांब मजकूर असेल तर अजून जास्त. या हिशेबाने ४ बिटमधलं १४ अब्जाचं मॉडेल १२ जीबीत मावतं, ३२ अब्जाच्या मॉडेलला २४ जीबी लागतात, आणि ७० अब्जाचं मॉडेल २४ जीबीच्या एका कार्डात पूर्ण बसत नाही. मॉडेल शिकवायचं असेल, नुसतं चालवायचं नसेल, तर यापेक्षा कितीतरी जास्त मेमरी धरावी लागते.

चित्रं तयार करणाऱ्या मॉडेल्सचं काम १२ जीबीत चांगलं होतं, १६ असली तर निवांत. फोर-के एडिटिंगला ८ जीबीतही काम निघतं, पण रंगकाम, नॉइज काढणं आणि इफेक्टचे थर चढले की १२-१६ चा फरक जाणवतो. ब्लेंडरमध्ये सगळा देखावा कार्डावर मावला पाहिजे, नाहीतर रेंडरचा, म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायचा, वेग एकदम पडतो.

आता सोलापूरचा म्हणून एक मुद्दा. चादर, टॉवेल किंवा वॉलहँगिंगचं जॅकार्ड डिझाइन करायला मोठ्या मेमरीचं कार्ड लागत नाही. ते डिझाइन म्हणजे मोजक्या रंगांचं, चौकटीचौकटीचं चित्र असतं, आणि एकेक चौकट ताणा-बाण्याची एकेक गाठभेट सांगते. ते काम साध्या कार्डावर, बऱ्याचदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरही होतं. दुकानदार "डिझाइनिंगला चोवीस जीबी लागतंच" म्हणाला तर थांबा. कॅटलॉगसाठी पलंगावर अंथरलेल्या चादरीचं थ्रीडी चित्र करायचं असेल किंवा मॉडेलकडून नवे नमुने काढून घ्यायचे असतील, तर मात्र मोठ्या कार्डाचा विचार रास्त आहे.

नुसत्या जीबीवर जाऊ नका, मेमरी किती वेगाने वाचली जाते तेही बघा. एनव्हीडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची १२ जीबी मेमरी सेकंदाला ३६० जीबी वेगाने वाचली जाते. नंतर आलेल्या ४०६० टीआय कार्डाला १६ जीबी आहेत, पण वेग २८८ वर आला. ५०६० टीआय १६ जीबीचा वेग ४४८ आहे. २०२० सालच्या ३०९० चा वेग ९३६ आहे आणि मेमरी २४ जीबी. भाषेचं मॉडेल उत्तर किती भरभर देतं ते बरंचसं याच आकड्यावर ठरतं, म्हणून तर ३०९० ला अजूनही मागणी आहे.

कंपनी निवडताना आपलं सॉफ्टवेअर बघा. मशीन लर्निंगची बहुतेक साधनं एनव्हीडियाच्या कुडा या प्रणालीवर सरळ चालतात. एएमडीची १६ आणि २४ जीबीची कार्डं चांगली आहेत, पण नवख्याला सेटअपमध्ये जास्त वेळ घालवावा लागतो. नुसतं गेमिंग आणि एडिटिंग असेल तर ही अडचण फारशी येत नाही.

पायरी २: एसएमपीएस

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

आपल्याकडे असेंबल मशीन घेताना कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस बरेचदा नावालाच ४५० वॉटचा असतो. झाकण उघडा आणि त्याच्यावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि बाराने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात, त्यामुळे वरचा मोठा आकडा काहीही असो, तुमच्या कामाचे वॉट एवढेच. नवा घेतानाही दुकानात सरळ विचारा, "दादा, ह्याच्या बारा व्होल्टवर किती अँपिअर आहेत?" चांगल्या एसएमपीएसच्या लेबलवर हे स्पष्ट छापलेलं असतं.

आता कार्डांची भूक. ४०६० टीआय १६ जीबी १६५ वॉट, ५०६० टीआय १६ जीबी १८० वॉट, ३०९० साडेतीनशे, ४०९० साडेचारशे, आणि ३२ जीबीचं ५०९० तब्बल ५७५ वॉट. एएमडीचं ७९०० एक्सटीएक्स ३५५ वॉट घेतं. कंपन्या स्वतः सुचवतात तो पूर्ण मशीनचा एसएमपीएस असा: ५०६० टीआयला ६०० वॉट, ३०९० ला ७५०, ७९०० एक्सटीएक्सला ८००, ४०९० ला ८५० आणि ५०९० ला १०००. यातली जास्तीची जागा वायफळ नसते. मोठी कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतात, आणि तेवढा धक्का झेलता आला नाही की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. कामाच्या मध्येच मशीन खटकन बंद होण्यामागे पुष्कळदा हेच असतं.

मग केबल मोजा. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉट देतो, ६ पिनची केबल ७५, ८ पिनची १५०. कार्डाला दोन किंवा तीन ८ पिन लागत असतील तर प्रत्येकीसाठी एसएमपीएसपासून वेगळी केबल ओढा. एकाच केबलला शेवटी दोन तोंडं असतात, ती दोन्ही जड कार्डाला लावू नका. जुन्या मोलेक्स (चार पिनच्या) केबलवरून ८ पिन करणारे जोड बाजारात मिळतात. मोठ्या कार्डाला ते लावूच नका, वितळतात.

एनव्हीडियाच्या ४०९० आणि त्यानंतरच्या मोठ्या कार्डांना १६ पिनचा नवा जोड असतो आणि तो ६०० वॉटपर्यंत वाहू शकतो. तो पूर्ण आत बसला पाहिजे. अर्धवट बसलेले जोड जळाल्याच्या तक्रारी जगभर आल्या, त्यानंतर त्याची सुधारलेली आवृत्ती काढावी लागली. केबल तोंडापाशीच मुडपू नका, तीन-साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊ द्या आणि मग वळवा. कॅबिनेटच्या काचेला ती दाबली जातेय का तेही बघा.

पायरी ३: कॅबिनेटमध्ये जागा

टेप घ्या. मागच्या पट्टीपासून समोरच्या आतल्या बाजूपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. समोर पंखा लावायचा असेल तर त्याचे २५ वजा करा, पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा रेडिएटर असेल तर त्याचेही. एनव्हीडियाचं स्वतःचं ३०९० हे ३१३ मिलिमीटर लांब आहे आणि ४०९० हे ३०४. इतर कंपन्यांची तीन पंख्यांची कार्डं याहून लांब असतात. जाडी तीन स्लॉट धरा, म्हणजे खाली वायफायचं किंवा दुसरं कार्ड असेल तर ते झाकलं जाईल. उंचीला वीजकेबल वळायला जागा सोडा. एवढं जड कार्ड कालांतराने खाली झुकतं, म्हणून टेकू घ्या, थोडक्या पैशांत मिळतो.

ऑफिसातून निघालेले जुने ब्रँडेड पीसी स्वस्तात मिळतात आणि विद्यार्थी तेच घेतात. त्यांच्यात मोठं कार्ड घालायचा विचार असेल तर आधीच सांगतो, बहुतेकांचा एसएमपीएस त्या कंपनीच्या खास आकाराचा असतो, मदरबोर्डचा प्लगही वेगळा असतो, आणि छोट्या खोक्यात पूर्ण उंचीचं कार्ड मावतही नाही.

पायरी ४: मदरबोर्ड आणि बायोस

कार्ड नेहमी प्रोसेसरला सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी बरेचदा आतून चारच लेनचा (माहिती वाहणाऱ्या वाटांचा) असतो. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय मुळात आठ लेनचीच कार्डं आहेत. जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाच्या स्लॉटची पद्धत) बोर्डावर ती चालतात, पण मेमरी भरून माहिती बाहेर सांडायला लागली की तिथे त्यांचा वेग जास्त पडतो. आपलं काम कार्डाच्या मेमरीत मावत असेल तर फार काळजी नको.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन दोन पर्याय आहेत का ते खरेदीच्या आधी बघून ठेवा: 'अबव्ह फोर-जी डीकोडिंग' आणि 'रिसायझेबल बार'. पहिला नसेल तर काही मोठ्या मेमरीची कार्डं, खासकरून सर्व्हरमधली, मशीनला नीट ओळखूच येत नाहीत. दुसरा सुरू नसेल तर इंटेलच्या १६ जीबीच्या आर्क ए७७० सारख्या कार्डाचा वेग फारच घटतो. हे दोन्ही चालायला सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायचा पर्याय) बंद लागतो, आणि सीएसएम बंद केल्यावर जुन्या एमबीआर पद्धतीने विंडोज टाकलेली डिस्क सुरूच होत नाही. ती आधी जीपीटी या नव्या पद्धतीची करून घ्या. विंडोज १० मध्येच त्याचं साधन आहे, पण त्याआधी महत्त्वाच्या फायलींची दुसरीकडे प्रत काढा. बायोसची नवी आवृत्ती आली असेल तर तीही जुनं कार्ड लावलेलं असतानाच टाका, आणि वीज जाणार नाही अशा वेळी.

पायरी ५: रॅम, डिस्क आणि प्रोसेसर

हे चटकन होतं. मशीनची रॅम कार्डाच्या मेमरीपेक्षा कमी नको. २४ जीबीच्या कार्डाला ३२ जीबी रॅम ही सुरुवात, मॉडेल्स चालवायची असतील तर ६४. मॉडेलच्या फायली पाच ते चाळीस जीबीच्या असतात, त्यामुळे एक टीबीची एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) घ्या; फिरत्या हार्डडिस्कवरून मॉडेल चढवायला चहा पिऊन होतो. प्रोसेसर चार-पाच वर्षांचा असला तरी रेंडर आणि मॉडेलच्या कामाला चालतो. गेमिंग हेच मुख्य काम असेल तरच त्यावर वेगळा खर्च करा.

पायरी ६: घरातली वीज

७५० वॉटचा एसएमपीएस पूर्ण भारावर भिंतीतून साधारण ८५० वॉट घेतो, म्हणजे २३० व्होल्टला पावणेचार अँपिअरच्या आसपास. हिशेबाने ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. पण तेच सॉकेट सैल असेल आणि त्याच एक्स्टेंशन बोर्डवर कूलर आणि इस्त्रीही असेल तर पुरत नाही. जुन्या घरात कॉम्प्युटरसाठी एक वेगळी लाइन ओढून घ्या, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

अर्थिंगकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. सोलापूरच्या आसपास काळी माती आहे. उन्हाळ्यात ती वाळते, आक्रसते, भेगाळते, आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये कमकुवत होते. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून पुन्हा मोजा, आणि तरी उतरत नसेल तर खड्डा नव्याने करून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नवं कार्ड आत घालायचंच नाही, आधी हे काम.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉटमध्ये गल्लत होते. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. ३०९० चं मशीन भरात असताना वीज गेली तर तो तत्क्षणी हात टेकतो. पूर्ण मशीनचे वॉट काढा आणि यूपीएसच्या वॉटशी लावून बघा. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर हे मशीन चालवू नका, चांगल्या एसएमपीएसना तशी वीज मानवत नाही. साइन वेव्हचा असेल तरच, आणि तेही फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरतं.

बिलाचाही अंदाज घ्या. कार्ड ३५० आणि बाकी मशीन १५० धरलं तर तासाला अर्धं युनिट. रोज आठ तास रेंडर चाललं तर महिन्याला १२० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो, त्यामुळे वाढलेली युनिटं बहुधा वरच्या दराने पडतात.

पायरी ७: उन्हाळा, धूळ आणि सुताचे तंतू

परदेशी चाचण्यांमधले तापमानाचे आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात आणि पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळीही निवत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की त्याच कामात कार्डही जवळपास तेवढंच वर सरकतं. एनव्हीडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास आपला वेग आवरायला लागतात. ३०९० मध्ये तर अर्ध्या मेमरी चिप कार्डाच्या पाठीवर आहेत, तिथे पंखा नाही, आणि ती मेमरी शंभरी ओलांडू शकते. घेणार असाल तर मेमरीचं तापमान वेगळं दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून त्यावर नजर ठेवा.

यावर फुकटचा आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पॉवर लिमिट, कार्डाला किती वीज घेऊ द्यायची ती मर्यादा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ती सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणा. वेग थोडासाच कमी होतो, उष्णता आणि बिल मात्र चांगलंच उतरतं. मार्च ते जून हे नेमाने करा. लांबलचक रेंडर रात्री लावा.

डेझर्ट कूलर आपल्या कोरड्या हवेत छान काम करतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि आपल्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. कूलरच्या समोरच्या खिडकीची फट उघडी ठेवा आणि मशीन झोताच्या बाजूला ठेवा, मागे भिंतीपासून वीतभर सोडून.

ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग आहेत त्यांनी जास्त जपा. टॉवेलच्या सुताचे तंतू साध्या धुळीसारखे झटकले जात नाहीत. ते जाळीवर आणि कार्डाच्या पात्यांमध्ये गालिच्यासारखे अंथरले जातात आणि हवा कोंडते. समोर जाळी असलेलंच कॅबिनेट घ्या, जाळी दर आठवड्याला काढून धुवा, आणि दोन महिन्यांतून एकदा ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. मशीन जमिनीवर नको, माग असलेल्या खोलीत तर नकोच.

पायरी ८: कुठून घ्यायचं, जुनं घ्यायचं का

एवढं सगळं तपासल्यावर बऱ्याच जणांचं उत्तर १६ जीबीचं, १८० वॉटच्या आसपासचं कार्ड असंच येतं, आणि माझाही सल्ला तोच आहे. चांगला ६५० वॉटचा एसएमपीएस, हवा खेळणारं कॅबिनेट आणि हे कार्ड सोलापूरच्या घरात उन्हाळाभर निभावतं. २४ जीबी त्यांनीच घ्यावं ज्यांचं काम १६ मध्ये मावत नाही हे पायरी १ मध्ये सिद्ध झालंय. खात्री नसेल तर आधी भाड्याच्या क्लाउड मशीनवर चार-दोन तास तेच काम चालवून बघा.

सोलापुरातल्या दुकानात हे कार्ड मागवून घेता येतं. नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली, सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइन. किमतीइतकंच हे विचारा की वॉरंटीला कार्ड कुठे न्यायचं, आणि पाठवायचा खर्च कुणाचा. जीएसटीचं बिल घ्याच, त्यावर सीरियल नंबर हवा. धंद्याच्या नावावर घेतलंत तर त्या कराची वजावट मिळते का ते तुमच्या सीएंना विचारा. ऑनलाइन खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा.

सेकंडहँडमध्ये दोन धोके आहेत. एक म्हणजे बनावट कार्ड: जुन्या चिपचं बायोस बदलून मोठं नाव आणि मोठी मेमरी दाखवतात. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर अशी कार्डं बरेचदा ओळखून तिथेच 'फेक' म्हणून दाखवतं. दुसरा धोका म्हणजे सर्व्हरमधलं स्वस्त कार्ड. एनव्हीडियाच्या टेस्ला पी४० ला २४ जीबी आहेत आणि किंमत मोह पाडते. पण त्याला पंखा नाही, मॉनिटर लावायला जागा नाही, वीजकेबल ग्राफिक्स कार्डाची नाही तर प्रोसेसरची ८ पिन लागते, आणि कुडाच्या १३ व्या आवृत्तीपासून त्याच्या पास्कल पिढीचा आधार काढून टाकला आहे. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

जुनं कार्ड विक्रेत्यासमोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवा. पंख्यांचा आवाज ऐका, तापमान लिहून घ्या, आणि मेमरी काठोकाठ भरेल असं काहीतरी चालवा. नुसता गेम लावून चालत नाही, कारण खराब चिप बरेचदा मेमरी शेवटपर्यंत वापरल्यावरच उघडी पडते.

नवं कार्ड आलं तरी हीच चाचणी पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्या, तीही दुपारच्या उन्हाच्या वेळी, कॅबिनेटचं झाकण लावून. जुने ड्रायव्हर आधी काढून टाका, कार्ड बसवा, १६ पिनचा जोड असेल तर पहिल्या तासाभरानंतर मशीन बंद करून तो हाताने चाचपून बघा. परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर लिहून ठेवा, आणि मुदत संपेपर्यंत खोकं, आतला फोम आणि मूळ केबल रद्दीत देऊ नका.